पावसाळ्यातली भूक

रोजगार हमी योजनेचा जन्म कोठे झाला, हे स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या कोणत्याही मराठी मुलाला पाठ असते. सांगली जिल्हा, तासगाव तालुका, विसापूर गाव. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६० च्या दशकात तेथे एक छोटा प्रयोग करून पाहिला आणि जो काम मागेल त्याला सरकारने काम दिलेच पाहिजे, हा विचार मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी उतरवला. १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. केंद्राने २००५ साली देशभरासाठी कायदा केला तेव्हा त्याच्यासमोर महाराष्ट्राचाच धडा होता. या गोष्टीचा अभिमान बाळगावा तेवढा थोडा.

परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत बसून हा इतिहास वाचला की एक गोष्ट सारखी टोचत राहते. योजना तासगावात जन्मली, आणि भामरागडपर्यंत आली ती तासगावचेच कपडे घालून. त्या कपड्यांत कापड चांगले होते, शिवणही पक्की होती. माप मात्र दुसऱ्याचे होते.

देशावर भूक येते ती पाऊस न पडल्यामुळे. खरीप गेला, रब्बी गेली, विहिरी आटल्या, की माघ-फाल्गुनापासून माणूस कामाच्या शोधात निघतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंतचे चार महिने त्याला काढायचे असतात. रोजगार हमीचे सारे गणित या चार महिन्यांभोवती बांधलेले आहे. उन्हाळ्यात पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. पाऊस पडला की कामे बंद, कारण मग शेतात काम असते. तासगावसाठी हे अगदी बरोबर आहे.

झाडीपट्टीत आणि तिच्या दक्षिणेच्या जंगलात भुकेचे पंचांग उलटे चालते. तेथे पाऊस उदंड पडतो. उन्हाळा हा तेथला कमाईचा मोसम. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचायची, मग चारोळी, मेमध्ये तेंदूपाने, पाऊस सुरू होता होता मोहाची टोळी. पहाटे तीनला उठून जंगलात गेलेली बाई दुपारी तेंदूच्या फळीवर पुडे मोजून देते. या काळात तिच्या हाताला काम नसते असे नाही. हात पुरत नाहीत. घरातली ढोली, म्हणजे बांबूची धान्याची कणगी, रिकामी होते ती आषाढात. उरलेसुरले धान बियाण्याला जाते. पऱ्हे टाकायचे, बांधीत चिखल करायचा, रोवणी करायची, निंदण करायचे; कामाचा डोंगर, पण ते काम स्वतःच्या दोन-तीन एकरांतले, त्याची मजुरी कोणी देत नाही. हलका धान हाती येतो तो दसऱ्याच्या आसपास, भारी धान दिवाळीनंतर. मधले श्रावण-भाद्रपद म्हणजे वास्ते, सात्या, तरोटा. शहरातल्या रानभाज्या महोत्सवांत हे सारे कौतुकाने विकले जाते, हे मला माहीत आहे. एटापल्ली तालुक्यातल्या एका म्हातारीने मला एकदा सांगितले होते की तरोट्याची भाजी तिला लहानपणापासून आवडत नाही, कारण ती सोबत भात नसताना खाल्लेली आहे.

ही भूक सरकारी धोरणाला कधी दिसली आणि कोणत्या नावाने दिसली, हे तपासण्यासारखे आहे.

सुरुवात इंग्रजांपासून करावी लागते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने जी तत्त्वे सांगितली त्यांवरून १८८३ साली दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. पीक बुडाले की जिल्हाधिकाऱ्याने आधी थोडी कामे काढून पाहायची; लोक गर्दी करून आले तर दुष्काळ खरा, नाही आले तर नाही. कष्टाचे काम आणि जेमतेम पोटापुरती मजुरी, ही गरजेची परीक्षा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत होरपळून निघाला. चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता. तेव्हा एक अडचण पुढे आली: जंगलातल्या जमाती घर सोडून दूरच्या कामाच्या छावणीवर यायला तयार नसत. डोंगर-जंगलातल्या लोकांची वेगळी सोय लावली पाहिजे, असे १८९८ च्या दुष्काळ आयोगाला सांगावे लागले. सरकारी परीक्षेत हे लोक बसलेच नाहीत, म्हणून ते उपाशी नाहीत, असा अर्थ निघू शकत होता. आणि मुळात ही संहिता पाऊस न पडण्याची होती. पाऊस चांगला पडलेल्या वर्षातही दरसाल येणाऱ्या भुकेला दुष्काळ म्हणत नाहीत. त्या भुकेसाठी संहितेत पानच नव्हते. त्याच काळात १८७८ च्या वनकायद्याने जंगल राखीव होत होते, म्हणजे त्या पानाबाहेरच्या भुकेवरचा जुना उतारासुद्धा हातातून निसटत होता.

१९७२ चा दुष्काळ आला तो मराठवाडा, नगर, सोलापूर, सांगलीचा. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती आणि एवढ्या मोठ्या संकटात भूकबळींचा डोंगर उभा राहिला नाही, ही महाराष्ट्राच्या प्रशासनाची मोठी कामगिरी. रोजगार हमीचा कायदा याच अनुभवातून उभा राहिला. १९७५ साली त्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला. आजही पगारपत्रकावर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपयांची कपात दिसते ती हीच. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी कर द्यायचा, ही कल्पना तेव्हाच्या सर्व पक्षांनी मान्य केली होती. आजच्या विधिमंडळात ती मंजूर होईल का, याबद्दल मला शंका आहे.

कायदा इकडे आला तेव्हा मात्र पायात पाय अडकू लागले. एका कामावर निदान पन्नास मजूर असल्याशिवाय काम सुरू करायचे नाही, असा मूळ दंडक होता. देशावरच्या गावाला तो अडचणीचा नाही. वीस घरांच्या टोल्याने पन्नास मजूर कोठून आणायचे? पुढे डोंगराळ आणि जंगली भागासाठी ही अट सैल झाली, पण काम काढायचे कोणत्या जागेवर हा प्रश्न उरलाच. गडचिरोलीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल. गावाच्या शिवेबाहेर पाऊल टाकले की वनखात्याची हद्द. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर त्या हद्दीत साधा रस्ता काढायचा तर कागद दिल्लीपर्यंत जाऊ लागला. आणि पावसाळ्यात मातीकाम बंद. म्हणजे कायद्याने बारमाही कामाची हमी दिली, पण या भागात गरज होती त्याच महिन्यांत ती हमी भिजत पडलेली असे.

मग पावसाळ्याच्या भुकेसाठी सरकारने काय केले? तिच्यासाठी खावटी आली.

खावटीचा उगम समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात सरकारची समज आणि सरकारची मर्यादा दोन्ही आहेत. पूर्वी आदिवासी आपले धान, मोह, डिंक, चारोळी गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला विकत असे. तो मापात मारत असे, भाव पाडत असे, हे सर्वश्रुत आहे. पण तोच व्यापारी आषाढात पायली-दोन पायली धान उसने देत असे आणि दिवाळीला दामदुपटीने वसूल करत असे. लुबाडणारा तोच आणि पावसाळा काढून देणाराही तोच. १९७६ साली राज्याने आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी कायदा केला, अनुसूचित क्षेत्रातल्या शेतमालाची आणि वनोपजाची खरेदी आदिवासी विकास महामंडळाकडे एकाधिकाराने सोपवली आणि व्यापाऱ्याला बाहेर काढले. हेतू उत्तम. पण व्यापारी गेला त्याबरोबर आषाढातली उसनवारीही गेली, आणि हे कोणाच्या तरी लक्षात आले. १९७८ पासून सरकार स्वतः पावसाळ्यापुरते कर्ज देऊ लागले, काही रोख, काही वस्तुरूपाने. तिचे नाव खावटी. खाण्यासाठीची ती खावटी. इतके नेमके नाव सरकारी योजनेला क्वचित मिळते.

मला वाटते, या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने महाराष्ट्राच्या कल्याणकारी धोरणाची कळ येथे आहे. १९७७ साली विधिमंडळाने उन्हाळ्यातल्या भुकेला हक्क दिला. पुढच्याच वर्षी पावसाळ्यातल्या भुकेला कर्ज दिले. तासगावचा मजूर तहसीलदाराकडे अर्ज करून पंधरा दिवसांत काम मागू शकत होता, न मिळाल्यास बेकारी भत्ता मागू शकत होता. तो भत्ता तुटपुंजा असो, कायद्यात होता. एटापल्लीचा माणूस खावटीच्या यादीत आपले नाव आले का, हे विचारायला आश्रमशाळेच्या मास्तरकडे नाही तर महामंडळाच्या केंद्रावर जात होता. एक हक्कदार, दुसरा कर्जदार. भूक दोघांची सारखीच.

कर्ज असल्यामुळे त्याचे पुढे जे व्हायचे ते झाले. पोटात गेलेल्या तांदळातून परतफेड निघत नाही. सुपीक वर्षी थोडी वसुली, एरवी थकबाकी. थकबाकी साचली की माफीची मागणी, मग माफी. अर्थखात्याच्या दृष्टीने खावटी ही बुडीत योजना ठरली आणि २०१३ नंतर ती बंद पडली. करोनाच्या टाळेबंदीनंतर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ती एका वर्षासाठी पुन्हा काढली, या वेळी पूर्ण अनुदान म्हणून: कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख, निम्म्याच्या वस्तू. वाटपाला २०२१ उजाडले. ज्या पावसाळ्यासाठी ती होती तो तोवर निघून गेला होता.

मधल्या काळात सरकारचे डोळे पूर्ण मिटलेले होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९३ च्या मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले आणि १९९५ साली नवसंजीवन योजना आली. तिच्यात धान्यकोष होता, खावटी होती, आरोग्याची पावसाळापूर्व तयारी होती. गडचिरोलीच्या दृष्टीने तिच्यातले सर्वांत उपयोगी काम अगदी साधे होते. पावसात जी गावे तुटतात, त्यांचे चार महिन्यांचे रेशन पाऊस सुरू होण्यापूर्वीच पोहोचवून ठेवायचे. पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्या बातमीच्या पलीकडच्या तीरावर धान्य असले पाहिजे, हे ज्याला सुचले तो अधिकारी नकाशा पाहून नव्हे, पाऊस पाहून काम करत असावा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. अंत्योदयाच्या घराला महिन्याला पस्तीस किलो धान्य कायद्याने मिळू लागले आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफतही झाले. पावसाळ्यातल्या भुकेचा निम्मा भाग, म्हणजे तांदळाचा, त्या दिवशी कर्जाच्या वहीतून हक्काच्या वहीत गेला. पस्तीस वर्षे लागली, पण गेला.

उरलेला निम्मा भाग रोकड्याचा. तेल, मीठ, मिरची, डाळ, औषध, मुलाला ताप आला तर तालुक्याला जाण्याचे भाडे. यासाठी आषाढात हातात पैसा हवा, आणि तो येथे उन्हाळ्यातच कमावता येतो. तेव्हा खरा प्रश्न असा होता की उन्हाळ्यातल्या जंगलाची कमाई कोणाची?

त्याचे उत्तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा या गावाने दिले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे आता महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या पहिल्या काही गावांत. तरीही बांबू गवत की झाड, यावर वनखाते अडून बसले होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने २०१२ मध्ये हक्क मिळवून बांबूचा कारभार स्वतः चालवून दाखवला. १९६९ पासून सरकारच्या हातात असलेल्या तेंदूपानांचा व्यवहारही पेसाच्या २०१४ च्या नियमांनंतर अनेक ग्रामसभा स्वतः करू लागल्या. भाव कधी चढले, कधी कोसळले, काही ठिकाणी कंत्राटदाराने पैसे थकवले. व्यापारात जे होते ते सारे झाले. पण मजुरीबरोबर नफाही गावात राहू लागला आणि ग्रामसभेच्या स्वतःच्या कोषात शिल्लक दिसू लागली. आषाढात घराला हजार रुपये हवे असतील तर ते कोणाकडे मागायचे, याचे उत्तर अशा गावांत बदलले.

म्हणून काहीजण म्हणतात की आता जंगल दिले, पुढचे तुमचे तुम्ही पाहा. हे म्हणणे मला मान्य नाही. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले, त्यांतली सगळी गावे मेंढा नाहीत. कोणाचे जंगल बांबूचे, कोणाचे नुसते खुरटलेले. कोणाच्या वाट्याला खाणीचे पट्टे आलेले. हक्क मिळालेल्या गावालाही पावसाळ्यात मजुरीचे काम लागतेच.

दुसरे उत्तर रोख रकमेचे. २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये थेट खात्यात येऊ लागले. बाईच्या स्वतःच्या नावावर पैसे, तेही पावसाळ्यात. याला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. ज्या बाईने आयुष्यभर तेंदूचे पैसे नवऱ्याच्या हातात पडताना पाहिले, तिला विचारावे. पण एक फरक विसरता येत नाही. ही रक्कम शासन निर्णयाने येते आणि शासन निर्णयानेच जाते, निकष बदलतात, नावे गळतात. खावटीचेही असेच होते. पस्तीस वर्षे चाललेली योजना एका वर्षी थांबली तेव्हा कोणालाही न्यायालयात जाता आले नाही, कारण मोडला असे म्हणायला कायदाच नव्हता.

हे सारे आज लिहिण्याचे कारण म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेला ग्रामीण रोजगाराचा नवा कायदा. २००५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो केला आहे. शंभराऐवजी सव्वाशे दिवसांची हमी त्यात आहे, ती स्वागतार्ह. खर्चाचा चाळीस टक्के भार राज्यावर टाकला आहे, त्यावर मुंबईत आणि दिल्लीत पुष्कळ चर्चा झाली. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच कलमाकडे गेले. पेरणी आणि कापणीच्या हंगामात वर्षाकाठी साठ दिवसांपर्यंत हमीची कामे बंद ठेवायची आणि ते दिवस राज्याने ठरवायचे. शेतकऱ्याला हंगामात मजूर मिळावा, हा त्यामागचा विचार.

पुन्हा तेच माप. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या धानपट्ट्यात रोवणीला मजूर लागतो, मजुरीही मिळते, तेथे या तरतुदीला काही अर्थ असेल. भामरागड किंवा एटापल्लीत रोवणीसाठी मजूर लावणारा शेतकरी किती? तेथे प्रत्येक जण आपल्याच बांधीत वाकलेला आणि प्रत्येकाची ढोली रिकामी. बंदचे साठ दिवस रोवणीच्या महिन्यांत टाकले, तर सरकारने कायद्यानेच तेथल्या भुकेच्या तारखा निवडल्यासारखे होईल. एकच आदेश साऱ्या राज्याला लावायचा मोह मंत्रालयाला होतो, कारण तो सोपा असतो.

तो होऊ द्यायचा नसेल तर आत्ताच बोलले पाहिजे. या दोन जिल्ह्यांच्या अनुसूचित क्षेत्रात बंदचे दिवस ग्रामसभेला विचारून ठरवावेत. बहुतेक गावे ते मोह-तेंदूच्या दिवसांत मागतील, जेव्हा कोणाला हमीच्या कामावर जायला सवड नसते. पावसात करता येतील अशी कामे आधीच मंजूर करून ठेवावीत: स्वतःच्या बांधीचे धुरे नीट करणे, बोडी दुरुस्त करून तिच्यात मासळी सोडणे, बांबूची आणि मोहाची लावण, रोपवाटिका. मामा तलावांचा गाळ उन्हाळ्यात काढा, पण त्यांच्या पाळीवरची झाडे पावसातच लावावी लागतात. मजुरी पंधरा दिवसांत हातात पडली पाहिजे. २०२३ पासून हजेरी मोबाइलवर फोटो काढून घ्यायची सक्ती आली. जेथे श्रावणात वीजही नसते तेथे फोटो चढला नाही म्हणून दिवस बुडवू नये, कागदाचा हजेरीपट चालावा. आणि राज्याने स्वतःच्या १९७७ च्या कायद्याची आठवण ठेवावी. केंद्राचे दिवस संपल्यावर पुढच्या दिवसांची मजुरी राज्याने द्यायची, अशी तरतूद महाराष्ट्राने २००६ नंतरही जपली होती; केंद्राचा आकडा शंभर असो वा सव्वाशे, ती तरतूद तशीच राहिली पाहिजे. व्यवसाय कर तर आपण अजून भरतोच आहोत.